सुटण्याआधीचा जोर

पाव मैलाची शर्यत, म्हणजे ड्रॅग रेस, ही ४०२ मीटरची सरळ पट्टी. बघणारे शेवटचा आकडा बघतात: किती सेकंद लागले, रेषा ओलांडताना वेग किती होता. माझं लक्ष असतं ते गाडी हलायच्या आधी. डावा पाय ब्रेकवर, उजवा पाय रेसवर, इंजिन सगळा जोर लावतंय, चाकं जागची हललेली नाहीत आणि इंजिनाचे मिनिटाला किती फेरे होतात ते दाखवणाऱ्या मीटरचा काटा एका आकड्यापाशी जाऊन थटलाय. आणखी दाबलं तरी वर जात नाही. ऑटोमॅटिक गिअरबॉक्सच्या गाडीत इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामधे क्लचच्या जागी तेलाने भरलेला एक डबा असतो, टॉर्क कन्व्हर्टर. काटा थटतो तो त्याच्यामुळे, आणि या आकड्याला स्टॉल स्पीड किंवा नुसता स्टॉल म्हणतात. ड्रॅगच्या गाडीचं पहिल्या साठ फुटांतलं नशीब बहुतेक त्यावरच ठरतं.

हे बघायला शर्यतीला जायची गरज नाही. सांगली-इस्लामपूर रस्त्याला कुठेतरी जेसीबी मुरुमाच्या ढिगात पुढची बकेट घालत असतोच. तिथे दोन मिनिटं थांबा. बकेट आत घुसते, मशीन पुढे सरकेनासं होतं, चाकं थांबतात. साध्या क्लचची गाडी असती तर गचका खाऊन बंद पडली असती. जेसीबी बंद पडत नाही. इंजिनाचा आवाज जड होतो, एका पट्टीत स्थिरावतो आणि तिथेच राहतो. ढीग हलला की चाकं पुन्हा फिरायला लागतात. त्या जड, स्थिरावलेल्या आवाजात इंजिन जेवढे फेरे घेत असतं तोच त्या मशीनचा स्टॉल. आमच्या भागातल्या जेसीबीच्या मिस्त्र्यांना त्यामुळे स्टॉल टेस्ट नवी नाही. त्यांना फक्त कुणी सांगितलेलं नसतं की हीच चाचणी करून लोक जगभर शर्यती जिंकतात.

आमचं गॅरेज कुपवाड एमआयडीसीच्या अंगाला आहे. वडिलांनी ट्रक आणि ट्रॅक्टरच्या गिअरबॉक्सपासून सुरुवात केली. मी वालचंद कॉलेजातून मेकॅनिकल करून आले आणि ऑटोमॅटिकचं काम आपोआप माझ्या टेबलावर सरकत आलं, कारण त्या कामात तेलाचा हिशेब जास्त आणि हातोडा कमी. कॉलेजात सेंट्रिफ्युगल पंप आणि टर्बाइन दोन वेगवेगळ्या प्रयोगांत शिकवले होते, दोन वेगवेगळ्या कोपऱ्यांत. ती दोन्ही यंत्रं एकाच डब्यात समोरासमोर बसवली तर काय होईल, हा प्रश्न तेव्हा मला पडला नव्हता. जर्मनीत हेर्मान फ्योटिंगर यांना तो पडला होता. १९०५ साली त्यांनी पेटंट घेतलं ते मोटारगाडीसाठी घेतलं नव्हतं. श्टेटिनच्या जहाजबांधणी कारखान्यात त्यांच्यापुढे अडचण अशी होती की वाफेची टर्बाइन भरधाव फिरते, जहाजाच्या पंख्याला मात्र संथ फिरावं लागतं. मधे दातांची चाकं घालण्याऐवजी त्यांनी पाणी घातलं. इंजिनाने पंप फिरवायचा, पंपाने पाणी फेकायचं, त्या पाण्याने समोरची टर्बाइन फिरवायची. मोटारगाडीत ही कल्पना सर्रास यायला पुढे चार दशकं गेली. १९४८ मध्ये अमेरिकेच्या ब्यूइक कंपनीने डायनाफ्लो हा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स बाजारात आणला तेव्हा पाण्याच्या जागी तेल आलेलं होतं.

कन्व्हर्टरच्या डब्यात तीन चक्रं असतात. इंजिनाला घट्ट बांधलेला पंप, गिअरबॉक्सच्या शाफ्टवर बसलेली टर्बाइन आणि दोघांच्या मधे स्टेटर. पंप आणि टर्बाइन एकमेकांना कुठेही टेकत नाहीत. मधे नुसतं तेल असतं. पंपाने फेकलेलं तेल टर्बाइनच्या पात्यांवर आदळतं, तिला ढकलतं आणि परत फिरताना उलट्या दिशेने येतं. ते तसंच पंपात शिरलं तर पंपालाच विरोध करेल. मधला स्टेटर त्याची दिशा वळवून त्याला पंपाच्या बाजूने करतो. स्टेटरच्या पोटात एकाच दिशेने फिरू देणारा क्लच असतो, म्हणून गाडी उभी असताना तो जागचा हलत नाही आणि तेल अंगावर घेऊन वळवतो. या वळवण्याने टर्बाइनवरचा टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, इंजिनाच्या टॉर्कच्या दुप्पट, काही कन्व्हर्टरमध्ये अडीचपटही होतो. पुढे टर्बाइनचा वेग पंपाच्या वेगाच्या ८५ ते ९० टक्क्यांपर्यंत पोचला की तेल स्टेटरच्या पाठीवर आदळायला लागतं, स्टेटर मोकळा सुटून फिरतो आणि वाढीव टॉर्क संपतो.

मला या यंत्राचं जे अप्रूप आहे ते इथे आहे. टॉर्क सगळ्यात जास्त वाढतो तो गाडी पूर्ण उभी असताना, आणि त्याच क्षणी कार्यक्षमता शून्य असते. इंजिनाची सगळी ताकद तेल तापवण्यात चाललेली असते, एक कणही चाकाच्या फिरण्यात जात नाही, आणि तरीही चाकावरचा दाब कधी नव्हे एवढा असतो. पाठ्यपुस्तक त्याला तोटा म्हणेल. हा तोटा कुठे, किती आणि किती वेळ सोसायचा हे ठरवणं म्हणजे स्टॉल लावणं. एवढं एकच काम मी मनापासून करते.

आमच्याकडे एक काका अधूनमधून येतात. किर्लोस्करवाडीच्या पंपाच्या कारखान्यात फिटर म्हणून त्यांचं आयुष्य गेलं. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० मध्ये औंध संस्थानातल्या उजाड माळावर वसवलेली ती वाडी आज पलूस तालुक्यात येते. त्या माळावर तयार झालेल्या पंपांनी आमच्या आजोबांच्या पिढीची शेतं भिजवली. काकांनी कन्व्हर्टर कधी उघडून बघितला नव्हता, म्हणून एकदा मी त्यांना मुद्दाम बोलावलं.

कन्व्हर्टर नटबोल्टाने उघडत नाही. दोन्ही अर्धे कडेने वेल्ड केलेले असतात. डबा लेथवर धरून ती कड टूलने हळूहळू सोलून काढावी लागते. शेवटचा पापुद्रा राहिला की आवाज पोकळ होतो, चिप निळी पडून तुटक यायला लागते आणि मग डबा एकदम सैल होतो. आत लाल तेलाचा थर, पात्यांच्या मुळाशी क्लचच्या धुळीचा करडा गाळ. पाती पातळ पत्र्याची असतात, पंपाच्या कवचात तीसच्या आसपास. प्रत्येक पात्याचे कान खाचेत घालून मुडपलेले असतात. शर्यतीच्या डब्यात त्या सांध्यांवर भट्टीत केलेल्या ब्रेझिंगचा, म्हणजे वितळलेल्या धातूने सांधल्याचा, तांबूस पाझर दिसतो, कारण नुसते मुडपलेले कान तेवढ्या जोराने उपटून येतात. काकांनी चष्मा कपाळावर चढवला, पात्यांच्या टोकांवरून अंगठा फिरवला आणि म्हणाले, ‘पोरी, ह्यो इंपेलर हाय की! तेल भाईर पडताना पात्याचं तोंड कुणीकडं हाय, एवढंच बग. बाकी समदं त्यातनंच येतंय.’

शंभर टक्के खरं. इंपेलर म्हणजे पंपातलं पाणी फेकणारं चक्र. पंपाच्या पात्यांची टोकं फिरण्याच्या उलट्या दिशेला किंचित वाकवली की पंप तेलाला कमी जोराने फेकतो, तो फिरवायला इंजिनाला हलका जातो, म्हणून काटा जास्त वर जाऊन थटतो. स्टॉल वाढला. टोकं फिरण्याच्या दिशेला वाकवली की उलट. दुसरा मार्ग डब्याच्या व्यासाचा. कन्व्हर्टर किती टॉर्क पचवतो हे व्यासाच्या पाचव्या घातावर अवलंबून असतं. त्याच घडणीचा डबा २८० मिलिमीटरवरून २५० चा केला, म्हणजे जेमतेम तीस मिलिमीटर कमी केला, तरी स्टॉल जवळजवळ एक तृतीयांशाने वाढतो: २००० चा सुमारे २६५० होतो. शर्यतीचे डबे एवढे लहान का असतात याचं उत्तर त्या पाचव्या घातात आहे. तिसरा मार्ग स्टेटरचा. त्याच्याकडे पुढे येते, कारण सध्या माझं डोकं त्यातच अडकलेलं आहे.

आता तासगावच्या गाडीबद्दल. मालक द्राक्ष बागायतदार आहेत, वयाने माझ्याहून मोठे, तरी मला ताई म्हणतात. गाडी जुनी, मागच्या चाकांवर चालणारी सेडान, सहा सिलिंडरचं पेट्रोल इंजिन आणि चार गिअरचा ऑटोमॅटिक. त्यांनी बाहेरून शर्यतीचा कन्व्हर्टर मागवला. खोक्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलेलं होतं: स्टॉल ३२००. गाडीत बसवला, तेल गरम केलं, चाकांना ओंडके लावले, ब्रेक दाबून रेस दिली, आणि काटा २४०० ला थांबला. मालक नाराज. ‘ताई, फसवलं बघा मला. आठशे कमी!’

फसवलेलं नव्हतं. स्टॉलचा आकडा एकट्या कन्व्हर्टरचा कधीच नसतो. एका बाजूला इंजिन त्या फेऱ्यांवर किती टॉर्क देतं, दुसऱ्या बाजूला पंप त्या फेऱ्यांवर किती टॉर्क मागतो, आणि हे दोन्ही जिथे बरोबर जुळतात तिथे काटा थांबतो. पंपाची मागणी फेऱ्यांच्या वर्गाने वाढते. म्हणून उलट बाजूने बघितलं तर स्टॉल इंजिनाच्या टॉर्कच्या वर्गमुळाच्या प्रमाणात चालतो. तोच गिअरबॉक्स मोठ्या, आठ सिलिंडरच्या इंजिनालाही लागतो आणि खोक्यावरचा आकडा तसल्या तयार केलेल्या, ४८० न्यूटन-मीटर देणाऱ्या इंजिनासाठी होता. आमचं इंजिन देतं २७०. मी कागदावर मांडून दाखवलं: २७० भागिले ४८०, त्याचं वर्गमूळ बरोबर पाऊण. ३२०० चा पाऊण म्हणजे २४००. डबा अगदी सांगितल्यासारखाच वागला होता.

या मांडणीतून एक सरळ गुणांक निघतो. स्टॉलला टॉर्कच्या वर्गमुळाने भागलं की जे उरतं ते त्या कन्व्हर्टरचं स्वतःचं. या डब्याचा गुणांक १४६ आला, आठ सिलिंडरवर मोजा नाहीतर सहावर. अभियंते त्याला के फॅक्टर म्हणतात. माझं ठाम मत आहे की शर्यतीचा कन्व्हर्टर विकणाऱ्या प्रत्येकाने खोक्यावर हाच आकडा छापावा. ३२०० छापणं म्हणजे गिऱ्हाइकाच्या इंजिनाबद्दल त्याला न विचारता काहीतरी गृहीत धरणं.

याच कारणाने तोच डबा, तीच गाडी, तोच ड्रायव्हर असूनही आकडा जागचा राहत नाही. साधं, टर्बो नसलेलं इंजिन हवा विरळ झाली की कमी टॉर्क देतं. सांगली समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या आसपास, महाबळेश्वर साडेतेराशेच्या. वर गेलं की हवा सुमारे आठ टक्के पातळ होते, आणि स्टॉल त्याच्या निम्म्याने, म्हणजे २४०० चा २३०० होतो. एप्रिलमधल्या दुपारी चाळीस अंशांत आणि डिसेंबरच्या पहाटे पंधरा अंशांत आमच्याच अंगणात जवळपास तेवढाच फरक पडतो. मालकांना मी वही घालून दिली आहे. टेस्ट घेतली की तारीख, वेळ, हवेचं तापमान आणि तेलाचं तापमान त्यात लिहायचं. बागेत फवारणीची वही त्यांच्याकडे असतेच, त्यामुळे शिस्त अंगात आहे.

या गाडीला टर्बो, म्हणजे इंजिनात जास्त हवा कोंबणारा पंखा, लावल्यावर मजा आणखी वाढली. टर्बोला फिरायला एक्झॉस्टचा जोर लागतो, एक्झॉस्टला इंजिनावर भार लागतो आणि उभ्या गाडीत तो भार फक्त कन्व्हर्टर देतो. ब्रेक दाबून रेस दिली की काटा आधी २३००-२४०० ला जाऊन थांबल्यासारखा होतो. मग टर्बोची शीळ ऐकू येते, दाब चढतो, टॉर्क वाढतो, काटा पुढे सरकतो, त्याने एक्झॉस्ट आणखी वाढतो, दाब आणखी चढतो. हे कुठेतरी जाऊन थांबतं, कारण पंपाची मागणी वर्गाने वाढत असते आणि इंजिनाचा टॉर्क तेवढ्या वेगाने वाढू शकत नाही. आमच्या गाडीत ४०० न्यूटन-मीटरला गणित २९२० सांगत होतं. फार सैल, म्हणजे जास्त स्टॉलचा, डबा असता तर काटा आधीच वर गेला असता आणि घट्ट असता तर टर्बो जागाच झाला नसता, इंजिन खालच्या फेऱ्यांत कुंथत बसलं असतं. म्हणून टर्बोच्या गाडीत कन्व्हर्टर आणि टर्बो एकाच बैठकीत ठरवावे लागतात. आधी एक घेऊन मग दुसरा शोधणाऱ्यांचे पैसे वाया जाताना मी बघितले आहेत.

आता ब्रेकचा मुद्दा. खास ड्रॅगसाठी बांधलेल्या गिअरबॉक्समध्ये ट्रान्सब्रेक असतो: पुढचा गिअर आणि रिव्हर्स एकाच वेळी लावून गिअरबॉक्स स्वतःला जखडून घेतो, इंजिन पूर्ण रेसमध्ये असतं, आणि बटण सोडलं की रिव्हर्स सुटून गाडी उसळते. आमच्याकडे ते नाही. पायाच्या ब्रेकने मागची चाकं एका मर्यादेपर्यंतच धरता येतात. दुपटीचा टॉर्क आला की ब्रेक धरलेला असतानाही टायर पट्टीवर घासायला लागतात. म्हणून काटा दोन हजाराच्या आसपास धरायचा आणि सुटताना पूर्ण रेस द्यायची. त्या क्षणी काटा उसळून जिथे पोचतो त्याला फ्लॅश स्टॉल म्हणतात. शर्यतीत उपयोगाचा खरा आकडा तो. ब्रेकवर धरलेला आकडा आणि फ्लॅशचा आकडा यांत बऱ्याचदा शेकड्यांनी फरक असतो, आणि कोणता आकडा सांगताय हे न विचारता तुलना करण्यात अर्थ नाही.

सातारा-सांगलीकडच्या माणसाला हे समजावताना मी बैलगाडी शर्यतीचा आधार घेते. शेजारी-शेजारी आखलेल्या पट्ट्यांत छकडे उभे असतात आणि प्रत्येकापुढे सुट्टी मेकर जू धरून उभा असतो. झेंडा पडेपर्यंत बैलांना मागे रेटायचं नाही आणि पुढेही जाऊ द्यायचं नाही. बैलाचा जोर जुवात भरलेला पाहिजे, पण पाय उधळायला नकोत. फार दाबून धरलं तर बैल बसकण मारल्यासारखा मागे रेलतो आणि झेंड्याला मरगळून निघतो. सैल धरलं तर आधीच थयथय करून दम घालवतो. चांगला सुट्टी मेकर त्या जोडीचा स्वभाव ओळखून धरतो. दुसऱ्या जोडीला तो तसंच धरत नाही. २०१४ ते २०२१ या शर्यती बंद होत्या. डिसेंबर २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सशर्त परवानगी दिली, मे २०२३ मध्ये ती कायम केली. मधल्या त्या वर्षांत ही धरण्याची विद्या ज्यांच्या हातात होती ती माणसं उतारवयाला लागली. पुसेगावला त्यातल्या एकाशी बोलले होते. मी कन्व्हर्टरचं सांगितल्यावर ते लगेच म्हणाले, ‘म्हंजे तेल जू धरतंय म्हणा.’ मला त्याहून नेमकं वाक्य आजवर सुचलेलं नाही.

या धरून ठेवण्याची किंमत उष्णतेत चुकवावी लागते आणि तिच्याकडे दुर्लक्ष करणाऱ्यांबद्दल मला खरंच काळजी वाटते. २७० न्यूटन-मीटर आणि २४०० फेरे म्हणजे सुमारे ६८ किलोवॅट. गाडी उभी आहे, म्हणजे ही सगळी ताकद तेलात उतरते. गिअरबॉक्समध्ये आठ लिटर तेल धरलं तर सगळं तेल मिळून दर सेकंदाला पाच अंशांनी तापायला हवं. प्रत्यक्षात त्या क्षणी कन्व्हर्टरच्या आत अडकलेलंच तेल भाजत असतं, त्यामुळे तिथे तापमान त्याहून किती तरी वेगाने चढतं. म्हणून स्टॉल टेस्ट पाच सेकंदांच्या वर नेऊ नये. तेल आधी नेहमीच्या तापमानाला आणावं, चाकांना ओंडके, हँडब्रेक ओढलेला, गाडीच्या पुढे-मागे कुणी उभं नाही. पाच सेकंदांत आकडा वाचायचा, रेस सोडायची, न्यूट्रल टाकून मिनिटभर इंजिन साध्या फेऱ्यांवर चालू ठेवायचं, म्हणजे तेल कूलरमधून फिरून येतं. मित्रांना आवाज ऐकवायला लागोपाठ टेस्ट मारणाऱ्यांच्या गाड्या मग आमच्याकडे येतात. डिपस्टिकवरचं लाल तेल तपकिरी झालेलं असतं आणि जळका वास बॉनेट उघडायच्या आधी येतो.

टेस्ट नीट घेतली तर ती रोगही सांगते. आकडा ठरल्यापेक्षा बराच खाली आला, साधारण एक तृतीयांशाने, तर स्टेटरचा क्लच दोन्ही दिशांना घसरतोय असं समजा. थोडाच खाली आला तर इंजिन कमी पडतंय. आकडा वर पळाला तर गिअरबॉक्समधले क्लच धरत नाहीत. पाच सेकंदांत एवढं सांगणारी दुसरी चाचणी माझ्या माहितीत नाही.

गाडी पळवली ती लोणावळ्याच्या वरच्या अंगाला, आंबी व्हॅलीच्या धावपट्टीवर. सार्वजनिक रस्त्यावर अशी गाडी आम्ही कुणालाच पळवू देत नाही. पुणे-बेंगळुरू हायवे रात्री मोकळा दिसला तरी तो ऊसवाल्यांचा, एसटीचा आणि दुचाकीवर पोरं घेऊन जाणाऱ्यांचा आहे. पट्टीवर दोन्ही बाजूंना अडथळे असतात, हेल्मेट तपासलं जातं, रुग्णवाहिका उभी असते. तिथली एक गोष्ट नवख्यांना सांगावी लागते: धावेचं घड्याळ हिरवा दिवा लागल्यावर सुरू होत नाही. पुढचं चाक सुरुवातीच्या किरणातून बाहेर पडलं की सुरू होतं. दिवा लागून तुम्ही किती उशिरा निघालात तो हिशेब वेगळा. म्हणून कन्व्हर्टर नीट आहे की नाही हे बघायचं तर दिव्यांकडे न बघता साठ फुटांचा, म्हणजे १८.३ मीटरचा वेळ बघावा. तिथे वाचवलेला सेकंदाचा दहावा भाग शेवटी दीडपट-दुप्पट होऊन मिळतो असं शर्यतवाले मानतात, आणि माझा अनुभव त्याच्या विरोधात नाही.

१४६ च्या डब्यावर गाडी छान निघाली. फ्लॅश २९५० पर्यंत गेला, गणिताच्या अगदी जवळ. पण मालकांचं मन ३५०० वर होतं. शेजारच्या गाडीचा तेवढा होता. मी त्यांना रेषेवरचं गणित दाखवलं. ताशी १६० किलोमीटर वेग, टायरचा व्यास ६३ सेंटिमीटर, डिफरेन्शियलचं प्रमाण ३.९२, वरचा गिअर थेट एकास एक. घसरण, म्हणजे टर्बाइनचं पंपाच्या मागे पडणं, शून्य असती तर इंजिन ५२८० वर असायला हवं होतं. धावेच्या नोंदीत होतं ५७००. म्हणजे साडेसात टक्क्यांच्या आत-बाहेर घसरण. अशा गाडीला हे चांगलंच म्हणायचं. तरी त्यांच्या आग्रहाला मान देऊन आम्ही डबा उघडला. पंपाच्या प्रत्येक पात्याचं टोक गेज लावून सारखं मागे वाकवलं, पुन्हा वेल्ड केला, हवा भरून पाण्याखाली बुडबुडे तपासले, बॅलन्स केला. गुणांक १७० वर गेला. गणित ३४०० म्हणत होतं, पट्टीवर ते आलंही.

साठ फुटांचा वेळ सुधारला, हे कबूल करायलाच हवं. गाडी पहिल्या उडीत जिवंत वाटत होती, मालक खूश. पण दुसऱ्या निम्म्या पट्टीत तीच गाडी ढिली पडली. रेषेवरचा वेग १५८ वर आला आणि इंजिन ५८५० वर ओरडत होतं. त्या वेगाला ५२१६ पुरले असते. जवळपास अकरा टक्के घसरण. पहिल्या साठ फुटांत कमावलेलं उरलेल्या पट्टीत तेलाला देऊन टाकलं, आणि एकूण वेळ होता तिथेच राहिला. शिवाय तेल इतकं तापलं की दोन धावांच्या मधे गाडी बराच वेळ गार होऊ द्यावी लागली. आकडा वाढला की गाडी वेगवान होते असा समज इथेच मोडतो. डबा सुटताना सैल आणि रेषेवर घट्ट पाहिजे, आणि नुसती पाती वाकवून हे दोन्ही एकदम मिळत नाही.

इथे स्टेटर येतो. स्टेटरची पाती किती आडवी, किती जवळजवळ, यावर दोन गोष्टी ठरतात: उभ्या गाडीत टॉर्क किती पट होणार आणि वेग आल्यावर तेलाला वाट किती मोकळी मिळणार. दाट, जास्त वळवणारी पाती सुरुवातीला भरपूर टॉर्क देतात पण पुढे तेलाची वाट अडवतात. टर्बोच्या गाडीला सुरुवातीची अडीचपट तशी नकोच असते. चाकं जागच्या जागी फिरतात आणि टायरचा धूर होतो. तिला दुपटीच्या जरा खालचा टॉर्क आणि मोकळी वाट जास्त मानवते. म्हणून आता बेत असा आहे: पंपाची पाती अर्ध्यावर आणायची आणि स्टेटर कमी वळवणारा, मोकळा घालायचा. काकांचा पात्यांना पुन्हा हात लावायला विरोध आहे. ‘एकदा वाकवल्यालं पातं सरळ केलं की मुळाला चीर जातीया,’ असं ते म्हणतात, आणि ते बरोबर आहे. त्यामुळे जुना पंप बाजूला ठेवून दुसऱ्या पंपाची नवी पाती मधल्या कोनात लावायची ठरली आहे. खर्च वाढेल, मालकांनी मान डोलावली आहे. एवढं करूनही ३५०० चं त्यांच्या डोक्यातून गेलेलं नाही. माझं लक्ष्य १५८ चा गुणांक आहे. ४०० न्यूटन-मीटरला तो ३१६० देतो.

आता डबा लेथवरून उतरला आहे. वेल्ड होऊन आला की त्याच्यावर पेंटने स्टॉलचा आकडा घालायचा नाही, एवढं मी मालकांकडून कबूल करून घेतलं आहे. १५८ लिहायचं, आणि खाली बारीक अक्षरात कोणतं इंजिन, किती टॉर्क, टर्बोचा दाब किती, तेल किती अंशांवर असताना मोजला ते. उद्या हा डबा कुणी विकत घेतला तर त्याला आपल्या गाडीचा आकडा स्वतः काढता येईल.